क्रूझ लावलं एकशे दहाचं, गाडी धावते अठ्ठ्याहत्तरने

दसऱ्याला भाऊजींनी नवी गाडी घेतली आणि दिवाळी आटोपल्यावर पहिल्यांदा आम्ही ती समृद्धीवर काढली. आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, नागपूरला जायचं होतं. कारंजाला महामार्गावर चढलो. भाऊजींनी स्टिअरिंगवरचं बटण दाबून ११० चं क्रूझ, म्हणजे पाय न लावता गाडी ठरल्या वेगाने चालवणारी सोय, लावलं, पाय मोकळा केला आणि गप्पा सुरू झाल्या. सोयाबीनचा भाव, कपाशीवरची बोंडअळी, माझ्या बहिणीचं बीपी. बऱ्याच वेळाने त्यांची नजर काट्यावर गेली. काटा ७८ वर.

"एकशे दहाचं लावलं होतं ना बा मी? मंग हे अठ्ठ्याहत्तरवर काहून आली?"

समोर ढेपेची पोती भरलेला ट्रक होता. आमची गाडी गुमान त्याच्या मागे लागली होती, किती वेळापासून कोण जाणे. उजवीकडची लेन रिकामी. मागून आलेल्या तीन-चार गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या होत्या आणि त्या का जातायत याचा आम्ही विचारही केला नव्हता. भाऊजी वैतागले. "हे गाडी मायी हाय का त्या ट्रकवाल्याची?"

मी तेव्हा हसलो. पण पुढचं वाहन बघून आपला वेग आपणच कमी करणाऱ्या या नव्या क्रूझबद्दल लोक जी कुरकुर करतात, तिचं मूळ नेमकं याच प्रश्नात आहे. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७००, एमजीची अ‍ॅस्टर अशा गाड्या आल्या आणि ही सोय आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांत उतरली. पाठोपाठ हॅरियर, क्रेटा, सेल्टॉस. आता तालुक्याच्या गावातही अशा गाड्या दिसतात. शोरूममधला पोरगा दहा मिनिटांत सगळी बटणं दाखवून मोकळा होतो, आणि गाडी असं का वागते हे रस्त्यावर गेल्यावर आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

जुनं क्रूझ म्हणजे विहिरीवरचा ऑटो

आधी साधं क्रूझ समजून घेऊ. रात्रपाळीची लाईन असली की आपण मोटारीच्या स्टार्टरला ऑटो लावून घरी येतो. लाईन आली की मोटार आपोआप सुरू होते. विहिरीत पाणी आहे का, पाइप फुटलाय का, पाणी शेजाऱ्याच्या वावरात चाललंय का, याच्याशी ऑटोला घेणंदेणं नाही. त्याला एकच काम ठाऊक.

साधं क्रूझही तसंच. चाकं किती फिरतात यावरून गाडीला स्वतःचा वेग कळतो. तुम्ही १०० सांगितलं आणि काटा ९८ वर आला की ते इंजिनाला थोडं जास्त इंधन देतं, १०२ झाला की कमी करतं. चढ, उतार, वारा, सगळं त्यात सांभाळलं जातं. ब्रेकला पाय लागला की सुटतं. पुढे ट्रक आहे की म्हैस, हे बघायला त्याला डोळेच नाहीत. म्हणून माणूस जागा राहतो. ट्रक जवळ आला की काहीतरी आपल्यालाच करायचं आहे, हे पहिल्या दिवशीच कळतं.

याच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. रॅल्फ टीटर नावाचे एक अमेरिकी इंजिनिअर होते, पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेलेले. सांगतात, की ते आपल्या वकिलाच्या गाडीतून जायचे तेव्हा वकीलसाहेब बोलू लागले की गाडी हळू व्हायची आणि ऐकू लागले की जोरात पळायची. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाला ते हेलकावे अंगावर जाणवत. त्या वैतागातून त्यांनी वेग स्थिर ठेवणारं यंत्र बनवलं. १९५० मध्ये पेटंट मिळालं, १९५८ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत ते पहिल्यांदा बसलं.

म्हणजे चालवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे वेग वरखाली होऊ नये म्हणून क्रूझ आलं. नव्या क्रूझने तो वेग पुन्हा मर्जीवर नेऊन बांधला. फरक एवढाच, की ही मर्जी आता आपल्या गाडीतल्या कोणाची नसते, पुढच्या गाडीतल्या अनोळखी माणसाची असते.

नवं क्रूझ म्हणजे बंडीमागे बंडी

पूर्वी कापसाच्या बंड्या रात्री निघायच्या, सकाळी जिनिंगवर पोचायच्या. माझे आजोबा सांगायचे, पहिल्या बंडीवरचा गडी जागा असला की पुरे. मागच्यांनी कासरा सैल सोडून खुशाल झोपावं. त्यांचे बैल पुढच्या बंडीच्या मागे तेवढंच अंतर ठेवून चालायचे. ती हळू झाली की हे हळू, ती थांबली की हे थांबले.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढचं वाहन बघून वेग जुळवून घेणारं क्रूझ, ही अशी मागची बंडी आहे. तिला तुम्ही एकाच वेळी दोन हुकूम देता. पहिला, ११० च्या वर जाऊ नकोस. दुसरा, पुढच्यापासून इतकं अंतर सोड. दोन्ही जुळत नसतील तेव्हा ती दुसरा पाळते. भाऊजींना वाटलं होतं, आपण वेग लावला. गाडीने त्याचा अर्थ घेतला, वेगाची कमाल मर्यादा लावली. समृद्धीवर मालट्रकला मर्यादाच ८० ची आहे, त्यामुळे ट्रकमागे सापडलं की ७८ ठरलेलेच. आणि हा वेग इतका हळूहळू उतरतो की पोटातलं पाणीही हलत नाही. म्हणून कळत नाही.

गाडी पुढचं बघते कशी? बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये रडार असतं आणि आरशामागे काचेला चिकटून कॅमेरा. काहींत, उदाहरणार्थ होंडा सिटीत, नुसता कॅमेरा. रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतं. एकेका लहरीची लांबी ज्वारीच्या दाण्याएवढी. लहर पुढच्या वाहनावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. आणि वेग कळायला एसटीचा हॉर्न आठवा. फाट्यावर न थांबता हॉर्न देत जाणारी एसटी आपल्याकडे येताना तिचा सूर चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. परत आलेल्या लहरीचा सूर रडार असाच ओळखतं: चढा असेल तर अंतर कमी होतंय, उतरता असेल तर वाढतंय. कॅमेरा त्यात भर घालतो, की ही कार आहे, हा ट्रक आहे, आणि तो आपल्याच लेनमध्ये आहे.

जीव कुठे कुठे जळतो

ओव्हरटेकला सगळ्यात जास्त. साध्या क्रूझवर आपण १०० ने येतो, ट्रक जवळ आला की शांतपणे लेन बदलतो आणि १०० नेच पुढे जातो. नवं क्रूझ आपण लेन बदलायच्या आधीच गाडीचा वेग मारून ठेवतं. मग बाजूला निघायचं तर मागून येणारे सुसाट, आणि आपण ऐंशीवर अडकलेलो. याला उपाय एकच, लेन बरीच आधी बदलायची किंवा निघताना पायाने रेस द्यायची. रेस दिल्याने क्रूझ सुटत नाही, हे भाऊजींना दोन आठवड्यांनी कळलं.

दुसरा ताप घुसणाऱ्यांचा. ११० ला गाडी सेकंदाला साडेतीस मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर पुढे एकसष्ट मीटर मोकळे राहतात, एकामागे एक पाच एसट्या मावतील एवढे. आपल्याकडे एवढी रिकामी जागा कोणी वाया जाऊ देत नाही. एक जण घुसतो, आपली गाडी ब्रेक मारून पुन्हा अंतर धरते, दुसरा घुसतो. "साऱ्या अमरावती जिल्ह्याले मायाच पुढं जायाचं हाय," असं भाऊजींचं म्हणणं. इथे मी त्यांना हिशेब करून दाखवला. एक गाडी घुसली की आपण फार तर दोन सेकंद मागे पडतो. नागपूरपर्यंत तीस जण घुसले तर एक मिनिट. टोलवर फास्टॅग वाचला जाईपर्यंत याहून जास्त वेळ जातो कधीकधी. हिशेब त्यांना पटला. राग मात्र गेला नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

तिसरा प्रकार उलटा, गाडी अचानक पळण्याचा. आम्ही परतताना कारंजाला उतरायला डावीकडे वळलो. समोरचा टेम्पो सरळ निघून गेला. गाडीला पुढे कोणी दिसेना, तिला ११० आठवलं आणि ती टोलकडे वळणाऱ्या रस्त्यावरच झेपावली. भाऊजींनी ब्रेक दाबला, आत्याच्या हातातला स्टीलचा डबा पायाशी पडला. गाडीची यात चूक नव्हती. ट्रकमागून सुटल्यावर ती तशीच पळावी म्हणून तर तिला लावलं होतं. महामार्ग सोडण्याआधी कॅन्सलचं बटण दाबायचं, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

बाकी लहानसहान आहेच. वळणावर शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्या पुढे आहे असं समजून गाडी दचकते. ती स्वतः ब्रेक लावते तेव्हा मागचे लाल दिवे लागतात, मागचा ड्रायव्हर चिडून डिपर मारतो. गिअर हाताने बदलायच्या गाड्यांत एका ठरावीक वेगाखाली क्रूझ सुटतं. आणि पावसाळ्यात शेतरस्त्याने आलात तर रडारवर काळ्या मातीचा लेप बसतो, पडद्यावर सेन्सर झाकल्याचा निरोप येतो आणि सगळं बंद. हे बंद होणं मला उलट बरं वाटतं. निदान सांगून बंद होतं.

चालता ट्रक दिसतो, मग उभी ट्रॉली का नाही?

इथे जरा थांबायला हवं, कारण वर सांगितला तो नुसता वैताग होता, यात जीव जाऊ शकतो.

रडारची लहर फक्त वाहनांवर आपटत नाही. दिशेच्या पाट्या, पुलाचे कठडे, लोखंडी रेलिंग, रस्त्यावरचा डबा, सगळीकडून प्रतिध्वनी येतो. आपली गाडी १०० ने चालली असेल तर या सगळ्या उभ्या वस्तू रडारला १०० च्याच वेगाने जवळ येताना दिसतात. त्या प्रत्येकीसाठी ब्रेक लावला तर गाडी मैलाच्या दगडागणिक थांबेल. म्हणून या यंत्रणा बनवणाऱ्यांनी सुरुवातीपासून एक तोडगा काढला: जास्त वेगात असताना, जी वस्तू मुळातच उभी आहे तिच्याकडे फारसं लक्ष द्यायचं नाही. जी चालताना दिसली आणि मग थांबली, तिचा माग सोडायचा नाही. कॅमेऱ्याची जोड मिळाल्यापासून परिस्थिती सुधारली आहे, पण गाडीसोबत येणारं पुस्तक उघडून बघा. उभ्या वाहनाच्या, जनावराच्या, पायी माणसाच्या बाबतीत यावर विसंबू नका, असा इशारा त्यात असतोच. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये पॉलिथिनसकट पडलेलं असतं, हा भाग वेगळा.

आता आपला रस्ता डोळ्यांपुढे आणा. समृद्धीवर दुचाकी आणि ऑटोला बंदी आहे. पण कारंजा-दारव्हा किंवा मूर्तिजापूरकडचा जुना रस्ता घेतला, की संध्याकाळी सातला पंक्चर झालेली ट्रॉली निम्मी डांबरावर उभी सापडते. मागे दिवा नाही, खूण म्हणून चार दगड आणि एक डहाळी. ट्रॉलीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरलेलं, दोन्ही बाजूंनी आणि मागे हात-दीड हात बाहेर आलेलं. कुटार काही लोखंडासारखा ठणठणीत प्रतिध्वनी देत नाही. रडारने अंतर मोजलंच तरी ते आतल्या लोखंडी फाळक्याचं मोजलं असण्याची शक्यता जास्त. मागे लोंबणाऱ्या सळयांचंही तसंच.

त्यातून सगळ्यात वाईट वेळ अशी. आपण ९० ने एका कारच्या मागे चाललोय, क्रूझने दोन सेकंदांचं, म्हणजे ५० मीटरचं अंतर धरलंय. पुढच्याला ट्रॉली दिसते, तो शेवटच्या क्षणी उजवीकडे काढतो. आता ट्रॉली आपल्या समोर, आणि आपल्या गाडीला वाटतं की रस्ता मोकळा झाला. ९० ला सेकंदाला २५ मीटर जातात. माणसाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर साडेसदतीस मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तरी आणखी पंचेचाळीस मीटर लागतात. एकूण ऐंशीच्या वर. हातात होते पन्नास, फार तर त्याहून थोडे जास्त.

बैल उभ्या बंडीवर जाऊन आदळत नसत. वर दिलेली उपमा इथे संपते.

पण आपोआप ब्रेक लागतो ना?

लागतो, पण ती वेगळी यंत्रणा. क्रूझ स्वतः सौम्य ब्रेक लावतं, गाडीच्या पूर्ण ब्रेकच्या साधारण निम्म्याहूनही कमी. कारण ते आरामासाठी बनवलंय, दर वेळी आत बसलेल्यांची डोकी पुढे आपटली तर कोण वापरेल? संकटातला आपोआप ब्रेक मात्र धडक अटळ दिसायला लागली की शेवटच्या टप्प्यात जोराने लागतो. त्याचा हेतू पुष्कळदा धडक टाळण्यापेक्षा धडकेचा वेग कमी करण्याचा असतो, आणि तोही कोणत्या वेगापर्यंत आणि कशासाठी काम करतो हे गाडीगणिक वेगळं. दोन्ही एकाच 'एडास' नावाच्या पाकिटात विकले जातात, म्हणून लोकांची गल्लत होते. एडास म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा संच. मदत करणाऱ्या, एवढंच.

अंतर सगळ्यात कमी ठेवलं तर?

घुसणारे कमी होतील, खरंय. बहुतेक गाड्यांत अंतराच्या तीन-चार पायऱ्या असतात, सर्वात खालची एका सेकंदाच्या आसपास. ९० च्या वेगाला म्हणजे पंचवीसेक मीटर. वरचा ट्रॉलीचा हिशेब पुन्हा एकदा पंचवीस मीटर धरून करून बघा. मी स्वतः मधल्या पायरीच्या खाली जात नाही, आणि धुकं किंवा पाऊस असेल तर सगळ्यात वरची.

मग जुनंच बरं होतं का?

माझ्या आठ वर्षं जुन्या गाडीत साधं क्रूझ आहे आणि मला ते आवडतं, हे आधीच कबूल करतो. पण समृद्धीच्या लांब सरळ पट्ट्यात दोन्ही वापरून बघितल्यावर मत थोडं बदललं. साध्या क्रूझवर तुमची नजर क्षणभर ढळली तर गाडी १०० नेच ट्रकच्या मागच्या फळीपर्यंत जाते. नवं निदान चालत्या ट्रकमागे वेग सोडतं, आणि ही मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूने, इतकं सगळं गाडी करू लागली की डोळ्यांवर पेंग येते. भाऊजींना अर्धा रस्ता ७८ कळलं नाही ते त्याचमुळे. पाय रिकामा, हात सैल, रस्ता सरळ, आणि पोटात आत्याने बांधून दिलेली पुरणपोळी.

काही गाड्यांत अंतराचं बटण दाबून धरलं की साधं क्रूझ मिळतं, काहींत ती सोयच नाही. नसणं मला चुकीचं वाटतं. ज्याला नुसता स्थिर वेग हवा त्याला तो मिळायला हवा. मात्र जिथे सोय आहे तिथे एक धोका आहे. पडद्यावरचं चिन्ह इवलंसं असतं. नवं क्रूझ लावलंय समजून कोणी निवांत बसला आणि प्रत्यक्षात जुनं चालू असेल, तर पुढचा ट्रक कोणी बघायला नाही. घरात दोघं-तिघं गाडी चालवत असतील तर हे नक्की होतं.

भाऊजींनी आता स्वतःपुरतं ठरवलंय. दिवसा, कोरड्या रस्त्यावर, समृद्धीवर असेल तर नवं क्रूझ, आणि दर थोड्या वेळाने काट्याकडे एक नजर. जुन्या रस्त्याला लागलं की बंद. गतिरोधक दोन्ही क्रूझना कळत नाहीत, आणि रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यात आडवा आला तर तो इंडिकेटर देत नाही.

त्या दिवशी परतताना कारंजाला उतरून गावच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधार पडला होता. क्रूझ बंद होतं, वेग पन्नासच्या आत. तरी पहिल्या वळणानंतर कुटाराची ट्रॉली एकदम दिव्यांच्या उजेडात आली तेव्हा भाऊजींना जोरात ब्रेक लावावा लागला. आत्या बँडेजवरून हात फिरवत म्हणाल्या, "काय झालं रे?" कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ते तालुक्याला खतासाठी गेले ते लाल रेडियम पट्टीचा रोल घेऊन आले. अर्धा रोल स्वतःच्या ट्रॉलीच्या फाळक्याला लावला, उरलेला शेजाऱ्याच्या बंडीला. शेजारी बाजूला उभा राहून बघत होता. त्याने गाडीच्या रडारबद्दल ऐकलेलं होतं.

"भाऊ, हे रडारले दिसते का?"

"रडारले नाही दिसत बा," भाऊजी कात्रीने पट्टी कापत म्हणाले, "मले दिसते."